यादीतून गळालेलं गाव

सोमवार, ४ जानेवारी १९८८

आज नोकरीचा पहिला दिवस. चांगली गोष्ट आधी लिहितो. माझं संगणकाचं यंत्र टाउन हॉलच्या तळघरात एकाही ओरखड्याशिवाय उतरलं. चार माणसं लागली. वरच्या मजल्यावर ठेवायचा बेत होता, पण जमीन पेलणार नाही असं सुतारानं नुसतं टाच आपटून सांगितलं.

माझी जुनी कंपनी बंद पडली तेव्हा हे यंत्र कुणालाच नको होतं. मीही कुणाला नको होतो, तेव्हा आमची जोडी जमली. बरोबरचे सगळे दुसऱ्या भाषा शिकून दुसरीकडे लागले. मी सतरा वर्षं लिस्प या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहितो आहे आणि यापुढेही त्याच भाषेत लिहीन. तिच्यात सगळं काही कंसात घातलेली यादी असतं. हुकूमही यादी आणि माहितीही यादी. इतकी स्वच्छ गोष्ट जगात दुसरी नाही.

हॅरोफील्ड गावानं मला पाच मार्चच्या गावसभेपर्यंत अजमावून पाहायचं ठरवलंय. तोवर मतदारांची यादी यंत्रावर घ्यायची. सभेला दारात तीच यादी वापरायची आणि मग गावानंच हात वर करून सांगायचं, हा माणूस आणि हे यंत्र ठेवायचं की नाही.

यंत्र सुरू केलं तेव्हा वरच्या मजल्यावरचे दिवे मिणमिणले. मुख्य कारकून ब्रायडी ओ'माराबाई जिन्यावरून म्हणाल्या, "प्राउटी, हे कपाट गुरगुरतंय का?"

मी म्हटलं, तो पंखा आहे.

"बरं. चावायला लागलं की सांग."

त्या एकतीस वर्षं या जागेवर आहेत. गावाची सगळी माणसं त्यांच्या अठरा खणांत कार्डांवर आहेत. मी आल्याचं त्यांना आवडलेलं नाही हे उघड आहे.

बुधवार, ६ जानेवारी

कार्डं माझ्या हाती द्यायला ओ'माराबाई तयार नाहीत. म्हणजे देतात, पण स्वतः खाली येऊन, खण मांडीवर घेऊन यंत्राशेजारी बसतात. (तिथे ऊब असते, तेही एक कारण असावं.) आणि प्रत्येक कार्ड मला मोठ्यानं वाचायला लावतात. मला वाचता येतं की नाही याची परीक्षा चाललेली दिसते.

"नीलंड, हार्वे. सॉमिल रोड, सोळा," मी वाचतो.

"सोळा नाही, अठरा. सोळा नंबर जळला. पुढचं."

"बार्लो, युनिस."

"तिनं मधे नाव बदलून घेतलं होतं, नवऱ्याला कंटाळून. आता परत बार्लोच. नवरा तोच आहे. पुढचं."

एका तासात अकरा कार्डं झाली. या गतीनं मी पुढच्या नाताळापर्यंत इथे असेन. माणसाचा जुन्या पद्धतीवरचा अविश्वासही कधीकधी विश्वासाचं सोंग घेतो, असं एक वाक्य सुचलं. बहुतेक ते उलटं असावं.

बुधवार, १३ जानेवारी

सरावासाठी आधी कुत्र्यांची यादी केली. दरवर्षी प्रत्येक कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. हे काम सेलेस्त अरूडा यांचं. गावातली मोकाट कुत्री पकडणं, कोंडवाडा सांभाळणं, परवाने बघणं हे सगळं त्याच करतात. वय माझ्याएवढंच असावं. हातमोज्यांना कायम केस चिकटलेले.

तीनशे चार कुत्री भरली, छापली, दिली. पंधरा मिनिटांत त्या परत खाली.

"यात मिस्टर हॅलोरनचा कुत्रा नाही."

"मग त्यांच्याकडे कुत्रा नसेल."

"तुमच्या यंत्राप्रमाणे नाही. पण आज सकाळी तो मला चावलाय." त्यांनी बाही वर केली.

शोधलं. हॅलोरन शाळेत लॅटिन शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी कुत्रा घेतला आणि त्याचं नाव ठेवलं निल, म्हणजे काहीही नाही. आता लिस्पमध्येही निल म्हणजे काहीही नाही, रिकामी यादी. छापण्याआधी मी यंत्राला हुकूम दिला होता की रिकाम्या नोंदी गाळ. त्यानं प्रामाणिकपणे कुत्रा गाळला.

हे मी अरूडाबाईंना समजावलं. त्या खूप हसल्या. इतकं हसण्यासारखं त्यात काय होतं कळलं नाही, पण त्यांनी पुन्हा एकदा समजावून सांगायला लावलं.

गुरुवार, १४ जानेवारी

निल नावाच्या कुत्र्यापुरता एक खास नियम लिहून टाकला. काम झालं.

ओ'माराबाई म्हणाल्या, "एका कुत्र्यासाठी नियम? उद्या दुसरं कुणी आलं तर?"

मी म्हटलं, दुसरं कोण येणार.

बुधवार, २७ जानेवारी

दुसरे एकशे अकरा आले.

आज मतदारांची पहिली मोठी छपाई काढली. गावात 'ओ' नावाचं एक प्रचंड कुटुंब निघालं. एकशे अकरा माणसं, सगळ्यांचं आडनाव नुसतं ओ. आणि गावात एकही ओ'लिअरी नाही, ओ'शे नाही, ओ'ब्रायन नाही. अर्ध्या गावाचे आजे-पणजे आयर्लंडहून बोटीत बसून आले होते. माझ्या यंत्रानं त्यांना परत बोटीत बसवलं.

दोष अर्थातच माझा. नावं मी यंत्राला लिस्पच्याच पद्धतीनं वाचायला दिली होती. लिस्पमध्ये ओ नंतरची ती वरची एवढीशी टिंबासारखी रेघ म्हणजे एक हुकूम असतो. ती दिसली की यंत्र तिथेच शब्द तोडतं.

"त्या रेघेचा अर्थ तरी काय?" ओ'माराबाईंनी विचारलं. त्या स्वतःही यादीत नुसत्या ओ झाल्या होत्या.

"पुढे जे आहे ते जसंच्या तसं ठेव, त्याचा अर्थ लावत बसू नको, असा."

त्यांनी मांडीवरचा खण बंद केला. "मग ठेवलं का नाही जसंच्या तसं?"



शुक्रवार, २९ जानेवारी

सगळी नावं आता साधा मजकूर म्हणून घेतो, लिस्पचे शब्द म्हणून नाही. ओ'लिअरी परत आले. निलचा खास नियमही काढून टाकता आला. ओ'माराबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "कुत्र्याच्या वेळीच मुळाशी गेला असतास तर एवढ्या लोकांचा जन्म दोनदा झाला नसता." जेवणाच्या सुट्टीनंतर बोलायला एक उत्तर सुचलं होतं, पण तोवर त्या दुसऱ्या खणावर गेल्या होत्या.

बुधवार, १० फेब्रुवारी

अरूडाबाई या आठवड्यात चौथ्यांदा खाली आल्या. दर वेळी एकेका परवान्याची चौकशी. आज बरोबर डबा होता, केल नावाची पालेभाजी आणि सॉसेज घातलेलं सूप. आईनं जास्त केलं म्हणाल्या. त्यांची आई दर बुधवारी जास्त करते असं दिसतं.

एकेका परवान्यासाठी कोंडवाड्यापासून इथवर दोन मैल गाडी हाकायची, तीही या बर्फात. मला वाईट वाटलं. दुपारी बसून त्यांच्यासाठी एक सुटसुटीत प्रोग्राम लिहिला. वर टायपिस्टच्या खोलीत फोन केला की हवी ती माहिती छापून टपालानं जाईल. त्यांना खाली यावंच लागणार नाही. चौदा ओळी, एकही कंस वाया नाही.

संध्याकाळी दाखवला. त्या म्हणाल्या, "छान आहे." आणि डबा घेऊन गेल्या. काही लोकांना आनंद व्यक्त करता येत नाही.

ओ'माराबाई म्हणाल्या, "प्राउटी, तू फार हुशार आहेस रे." पहिल्यांदाच त्यांनी माझं कौतुक केलं.

शुक्रवार, १९ फेब्रुवारी

नऊशे कार्डं झाली. अरूडाबाई आठ दिवसांत आल्या नाहीत, म्हणजे प्रोग्राम उत्तम चालतो. कोपऱ्यावरच्या दुकानातली कॉफी हल्ली बिघडली आहे.

ओ'माराबाईंची नवी तक्रार, छापलेली अक्षरं फार बारीक आहेत. दुप्पट केली. तरी बारीक. चौपट केली, तेव्हा एका पानावर सहा नावं बसली आणि गाव पुठ्ठ्याच्या दोन खोक्यांत गेलं. त्यांनी पान नाकाशी धरलं, लांब धरलं, आणि "हूं" म्हणून मला दिलं. "वाच." ही निव्वळ अडवणूक आहे. ज्याला नवं नको असतं त्याला अक्षरसुद्धा कधी पुरेसं मोठं होत नाही.

मंगळवार, २३ फेब्रुवारी

रस्त्यात अरूडाबाई भेटल्या. गाडीच्या मागे एक भिजलेला कुत्रा. गावसभेच्या विषयपत्रिकेत कोंडवाडा बंद करून कुत्री शेजारच्या गावाकडे सोपवायचा ठराव आला आहे, असं त्यांनी सांगितलं. तिथे दहा दिवस ठेवतात. त्यापुढे ठेवत नाहीत.

"मग तुमचं काय?"

"माझं काय, मी माणूस आहे. मला दहा दिवसांपेक्षा जास्त ठेवतील." मग म्हणाल्या, "ब्रायडीला तुम्ही कार्डं वाचून दाखवता ते फार चांगलं करता."

मी म्हटलं, मला दुसरा पर्याय देतंय कोण.

त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनं पाहिलं.

गुरुवार, ३ मार्च

झालं. एक हजार सहाशे चाळीस मतदार. खणांत ते रस्त्यांप्रमाणे होते, पण दारात माणूस रस्त्यानं येत नाही, नावानं येतो. म्हणून यादी आडनावांच्या इंग्रजी अक्षरक्रमानं लावली. लिस्पमध्ये त्याला एक शब्द पुरतो. एक शब्द, आणि सबंध गाव शिस्तीत उभं राहतं.

आकडा मोजून घेतला, बरोबर एक हजार सहाशे चाळीस. मग यादी लावली, मग छापली. शेवटचं नाव झुकोव्स्की आहे हे पाहिलं, ओ'लिअरी आहेत हे पाहिलं, आणि घडीचा कागद खोक्यात बंद केला.

ओ'माराबाई म्हणाल्या, "एकदा सगळं वाचून दाखव."

दोन महिने वाचतोय. आज मात्र मी सांगून टाकलं, "बाई, हे यंत्रानं लावलंय. वाचून दाखवायची गरज नाही."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वर गेल्या. मी आवाज चढवला नव्हता, तरी जिन्यावर त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत बसलो. कठड्याला धरून हळूहळू चढत होत्या.

शनिवार, ५ मार्च

हे सगळं नीट लिहायला हवं.

सभा दहाला. नऊ वाजल्यापासून शाळेच्या व्यायामशाळेबाहेर बर्फात रांग लागलेली. दारात टेबल, टेबलावर माझं खोकं. ओ'माराबाई शेजारी, पायाशी अठरा खण. सांगितलं नव्हतं तरी त्यांनी ते सुताराकडून आणवले होते. मला अपमान वाटला.

पहिले आले ऑगस्टस अ‍ॅबट, वय एक्याऐंशी. मी पहिलं पान उघडलं. पहिलं नाव होतं लॅव्हर्टी.

पान उलटून पाहिलं, खोक्याच्या तळाशी पाहिलं. अ‍ॅबट नव्हते.

"मी नाही?" अ‍ॅबट म्हणाले. "आज सकाळपर्यंत तरी होतो."

त्यांच्यामागे बार्लो नवरा-बायको. तेही नव्हते. क्रोनिन, डफी, फर्नांदिश, कोणीच नव्हतं. ए पासून के पर्यंतची सगळी माणसं नाहीशी झाली होती. रांगेत कुणीतरी म्हणालं, "एल लोकांनी गाव घेतलं म्हणायचं." हशा झाला. रांगेत सहावी सेलेस्त अरूडा होती. ती हसली नाही. तिला आज मत द्यायचं होतं, तिच्या कुत्र्यांसाठी.

तिच्याकडे पाहिलं आणि तेव्हा चूक कळली. ही चूक नवशिक्याची आहे. लिस्पमध्ये यादी लावली की जुनी यादी मोडते. लावलेली नवी यादी हातात घ्यायची असते, मी मात्र जुन्याच टोकाला धरून बसलो. रस्त्यांच्या क्रमात पहिलं कार्ड लॅव्हर्टींचं, म्हणून त्या टोकाला लॅव्हर्टी होते. लावल्यावर लॅव्हर्टी गावाच्या मध्यावर गेले आणि त्यांच्या पुढचे सगळे माझ्या हातून सुटले. मोजणी केली ती लावण्याआधी. आधी नक्कल काढायची, ती लावायची, आणि जे परत मिळेल ते सांभाळायचं, हे मी स्वतः सतरा वर्षं लोकांना शिकवलंय.

मी उभा राहिलो आणि मोठ्यानं सांगितलं, "तुम्ही सगळे मतदार आहात. यंत्राची चूक नाही. माझी चूक आहे. परत छापायला दीड तास लागेल."

बाहेर बर्फात दीड तास म्हणजे म्हातारी माणसं घरी परत जाणार होती.

ओ'माराबाईंनी माझी बाही ओढली. "बस खाली. खोकं बाजूला कर. कोरे कागद घे. मी सांगते, तू लिही." मग रांगेला म्हणाल्या, "एकेक पुढे या, आणि आधी सुप्रभात म्हणा. शिष्टाचार विसरायचा नाही."

"सुप्रभात, ब्रायडी."

"ऑगस्टस अ‍ॅबट, मिल लेन, चार. लिही."

"सुप्रभात."

"युनिस बार्लो, आणि मागे खोकतोय तो नवरा. पाँड स्ट्रीट, एकवीस."

प्रत्येक वेळी त्या खणातून एक कार्ड काढून समोर धरत आणि घडाघडा सांगत. एकही चूक नाही. पंधरावं का सोळावं माणूस होतं. डफी. त्या सांगत होत्या, "मॉरिस डफी, सॉमिल रोड, नऊ." माझी नजर त्यांच्या हातातल्या कार्डाकडे गेली. त्यावर लिहिलं होतं झुकोव्स्की. आणि ते उलटं धरलेलं होतं.

माझा हात थांबला. दोन महिने मी त्यांना कार्डं वाचून दाखवत होतो. दोन महिने रोज या वहीत मी काय काय लिहिलं ते मला आठवलं.

"तोंड मीट," त्या हळूच म्हणाल्या, "आणि लिही."

मी लिहिलं. दहा वाजून वीस मिनिटांनी सगळे आत होते.

कोंडवाडा बंद करायचा ठराव पडला. बाजूनं एकशे एकेचाळीस, विरुद्ध एकशे अठ्ठेचाळीस. सेलेस्त भिंतीजवळ उभी होती. तिनं फक्त हातमोजे काढले आणि पुन्हा घातले.

मग माझा ठराव. सभापतींनी मला बोलायला सांगितलं. सकाळी बोललो तेच पुन्हा सांगितलं आणि बसलो. दुसरं काही नव्हतंच. मग त्यांनी ओ'माराबाईंचं मत विचारलं. त्या उठल्या.

"यंत्र ठेवा. आणि हा माणूसही ठेवा. हा चुकतो, पण चुकला की उभा राहून सांगतो. इतक्या वर्षांत या सभागृहात असं मी फार वेळा ऐकलेलं नाही." लोक थोडे हसले, गावानं निवडून दिलेले पदाधिकारी सोडून. "आणखी एक सांगायचंय. दोन वर्षं झाली, मला कार्डं वाचता येत नाहीत. डोळे गेले. आवाजावरून ओळखते आणि आठवणीनं सांगते. गाव माझ्या डोक्यात आहे, आणि डोकं त्रेसष्ट वर्षांचं आहे. ते कुठेतरी उतरवून ठेवायला हवं. मी तुमच्यापासून लपवलं. आता मला काढायचं तर काढा."

मग अ‍ॅबट कसेबसे उभे राहिले.

"ब्रायडी, आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"सगळंच. तुला काय वाटलं, दोन वर्षं आम्ही टाउन हॉलमध्ये शिरताना आपापलं नाव ओरडतो ते काय म्हणून?"

मागच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "सुप्रभात, ब्रायडी." मग दुसरं कुणी. मग सगळेच म्हणायला लागले, तेही दुपारचे बारा वाजून गेल्यावर. ओ'माराबाई खाली बसल्या, रुमाल शोधू लागल्या आणि सापडेना तेव्हा माझ्या लिहिलेल्या कागदांतला एक त्यांनी घेतला. त्यावर क्रोनिन कुटुंब होतं.

हात वर झाले. मोजायची गरज पडली नाही.

सगळ्या गावाला माहीत होतं. शेजारी बसणाऱ्या मलाच तेवढं नव्हतं.

मंगळवार, ८ मार्च

यंत्र तळघरातच राहणार. नोकरी पक्की. ओ'माराबाईही राहणार, आणि आता कार्ड समोर धरायचं नाटक नाही. मी वाचतो, त्या ऐकतात आणि कार्डावर नाही ते सांगतात. कोण कोणाशी बोलत नाही, कोणाच्या घरी दार उघडायला वेळ लागतो, कोणाला पत्र टपालानं न पाठवता हातानं द्यायचं. तेही सगळं नोंदवून घेतो. लिस्पमध्ये यादीच्या आत यादी, तिच्या आत आणखी यादी, कितीही खोल जाता येतं. आज दिवसभरात सात कार्डं झाली. घाई काही नाही.

तीन तारखेबद्दल त्यांची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "कशाबद्दल?" आठवण इतकी धारदार असलेल्या बाईला हे आठवत नाही यावर माझा विश्वास नाही, पण मी पुढचं कार्ड घेतलं.

दुपारी सेलेस्त आली. आज कुठल्याच परवान्याचं विचारलं नाही. म्हणाली, "तुझा तो टपालाचा प्रोग्राम बंद करता येईल का?"

मी विचारलं, काही बिघडलंय का?

"नाही. फार चांगला चालतो, हीच अडचण आहे." मग म्हणाली, "शनिवारी सहा वाजता आईकडे जेवायला ये."

ये म्हणाली आणि गेली. कशासाठी ते सांगितलं नाही. कोंडवाडा वाचला, तेव्हा परवान्यांची नव्यानं आखणी करायची असेल. ओ'माराबाईंना विचारलं की कुत्र्यांची यादी बरोबर न्यावी का.

"यादी इथेच ठेव," त्या म्हणाल्या. "आणि सदऱ्याला इस्त्री कर. तुझ्या कॉलरला इस्त्री नसते ते मलासुद्धा दिसतं."

येताना हार्डवेअरच्या दुकानातून इस्त्री आणली. यादीची एक छोटी नक्कल मात्र कोटाच्या आतल्या खिशात ठेवणार आहे. विषय निघालाच तर हाताशी असावी.